ट्रस्टचं हॉस्पिटल, कंपनीचं हॉस्पिटल आणि आपलं बिल

केईएम पुण्यात आहे आणि मुंबईत परळलाही आहे. परळचं केईएम 1926 पासून महापालिकेचं. तिथे केसपेपरचे नाममात्र पैसे द्यायचे, उरलेला बराचसा खर्च मुंबईकरांच्या करातून भागतो. पुण्याचं केईएम रास्ता पेठेत, ते ट्रस्टचं, आणि तिथे रीतसर बिल होतं. पाटीवरचं नाव वाचून यातलं काही म्हणता काही कळत नाही. फाउंडेशन, प्रतिष्ठान, मेमोरियल, रिसर्च सेंटर असले शब्द कंपनीच्या हॉस्पिटललाही लागतात आणि धर्मादाय हॉस्पिटललाही.

म्हणूनच घरात कुणाला ॲडमिट करायची वेळ आली की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ट्रस्टचं आहे, स्वस्त पडेल." मग एस्टिमेट हातात पडतं आणि तेच तोंड म्हणतं, "कसलं ट्रस्टचं, सगळे लुटारूच." दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, पण दोन्ही अर्धवट आहेत. मालकी कुणाची आणि पैसे कोण भरतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपण ते एकात एक मिसळतो आणि गोंधळतो.

आधी मालकी पाहू. ना-नफा हॉस्पिटल म्हणजे ज्याला नफा होत नाही ते, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात ट्रस्टच्या हॉस्पिटलकडेही वर्षाअखेर पैसे शिल्लक राहू शकतात, आणि राहायलाच हवेत. नाहीतर पुढचं एमआरआय मशीन कशातून घेणार? फरक पडतो तो या शिलकीचं पुढे काय होतं यात. कंपनीत ती शिल्लक भागधारकांची. लाभांश म्हणून वाटता येते, किंवा धंद्यात घालून शेअरचा भाव वाढवता येतो. ट्रस्टला भागधारकच नसतात. विश्वस्त हे मालक नव्हेत, राखणदार आहेत. शिल्लक त्यांना घरी नेता येत नाही, संस्थेच्या कामातच घालावी लागते. ट्रस्ट गुंडाळला तरी मालमत्ता विश्वस्तांच्या मुलाबाळांकडे जात नाही.

याच्या मोबदल्यात सरकार प्राप्तिकर माफ करतं, अट अशी की वर्षाच्या उत्पन्नातले निदान 85 टक्के संस्थेच्या उद्देशावर खर्च झाले पाहिजेत. देणगी देणाऱ्यालाही करात सवलत मिळते. जीएसटीला मात्र हा भेद ठाऊक नाही. उपचारांवरची जीएसटीची माफी ट्रस्टला आहे तशीच कंपनीलाही आहे, आणि दिवसाला पाच हजारांहून महाग खोलीवर जुलै 2022 पासून जो पाच टक्के कर लागला, तोही दोघांना.

आता कागदावरचा ट्रस्ट आणि प्रत्यक्षातला ट्रस्ट यांत अंतर पडू शकतं, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायला नको. शिल्लक वाटता येत नाही, पण खर्च दाखवता येतो. इमारतीचं भाडं विश्वस्ताच्या भावाच्या कंपनीला, आवारातलं मेडिकल स्टोअर मेहुण्याचं, लॅबचं कंत्राट सुनेच्या फर्मला. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना अवाजवी फायदा करून देऊ नये, असं प्राप्तिकर कायदा बजावतो. हे शोधायचं तर हिशेब वाचावे लागतात, आणि शेजारच्या हॉस्पिटलचा ताळेबंद वाचायला आपल्यापैकी कुणी गेलेलं नाही.

नफ्याच्या बाजूलाही एक गोष्ट विसरली जाते. नफ्यावर चालणारं हॉस्पिटल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची इमारत आणि लॉबीतलं कॉफी शॉप येतं. पण तालुक्याच्या गावी डॉक्टर नवरा-बायकोचं वीस खाटांचं नर्सिंग होम असतं, वर घर आणि खाली ओपीडी, तेही नफ्यावरच चालतं. खासगी वैद्यकीय सेवेचा मोठा हिस्सा अशा लहान हॉस्पिटलांचा आहे. त्यांना ना करमाफी, ना स्वस्तात जमीन. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला.

मग हॉस्पिटल कुणाचंही असो, त्याच्या गल्ल्यात पैसा येतो कुठून? देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार 2013-14 मध्ये एकूण आरोग्यखर्चातला 64.2 टक्के वाटा लोक थेट खिशातून देत होते. 2021-22 पर्यंत तो 39.4 टक्क्यांवर आला. उतार मोठा आहे, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून आपणच काउंटरवर मोजतो. उरलेल्यात सरकारी हॉस्पिटलांवर होणारा करातला खर्च, सरकारी योजना, कामगार विमा, आणि आपण हप्ता भरतो तो खासगी विमा. सरकारने, म्हणजे केंद्र आणि राज्यांनी मिळून, त्या वर्षी देशाच्या सकल उत्पन्नाच्या 1.84 टक्के आरोग्यावर खर्च केले. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात 2025 पर्यंत अडीच टक्क्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं होतं.

करातून चालणाऱ्या हॉस्पिटलातही 'कुणाचा कर' हा प्रश्न सुटत नाही. सिंधुदुर्गातल्या लोकांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. दोडामार्ग-सावंतवाडीचे पेशंट वर्षानुवर्षं तिथेच जात. 2018 च्या सुरुवातीपासून गोवा सरकारने गोव्याबाहेरच्या पेशंटना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलनं झाली. फुकट उपचार म्हणजे कुणीतरी आधीच भरलेले पैसे, हे त्या वेळी कोकणात सगळ्यांना कळलं.

खासगी हॉस्पिटलचं बिल कसं बनतं, हे जवळून पाहण्यासारखं आहे, कारण ट्रस्ट आणि कंपनी इथे अगदी सारख्या वागतात. आपल्याकडे एकाच ऑपरेशनचा दर खोलीप्रमाणे बदलतो. जनरल वॉर्डात अपेंडिक्स काढलं तर एक भाव, ट्विन शेअरिंगमध्ये त्याहून जास्त, डीलक्समध्ये आणखी जास्त. सर्जन तोच, टेबल तेच, टाके तेवढेच. खोलीच्या भाड्यात फरक असणं समजू शकतं, पण सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटी चार्जेस हे सगळंच खोलीच्या दर्जाबरोबर चढतं. याला अन्याय म्हणा किंवा हिशेब. जुने ट्रस्टवाले सांगतात की वरच्या मजल्यावरचा पेशंट खालच्या वॉर्डातल्या पेशंटचा थोडा भार उचलतो. जिथे खालचा वॉर्ड खरोखर मोठा आणि भरलेला असतो, तिथे हे बोलणं पटतं. जिथे जनरल वॉर्ड कोपऱ्यात दहा खाटांचा उरला आहे, तिथे नाही.

हीच पद्धत प्रामाणिकपणे राबवली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मदुराईत आहे. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर 1976 मध्ये अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर न भरणाऱ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं, हे तिथलं गणित. डोळ्यात बसवायची आयात लेन्स परवडेना म्हणून 1992 मध्ये ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला. हे जमलं कारण ऑपरेशन एकाच प्रकारचं, वेळ थोडा आणि संख्या प्रचंड. बहुअवयव निकामी झालेल्या, महिनाभर आयसीयूत असलेल्या पेशंटवर हे गणित लागू होत नाही. तेव्हा "अरविंदला जमतं तर तुम्हाला का नाही" हा प्रश्न प्रत्येक हॉस्पिटलला विचारणं बरोबर नाही, असं मला वाटतं.

खोलीची ही चढण विमा असलेल्यांना दुसऱ्या बाजूने गाठते. समजा तुमची पॉलिसी तीन लाखांची, आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. ॲडमिशनच्या गडबडीत तुम्ही 6,000 ची खोली घेतलीत. आपल्याला वाटतं, वरचे तीन हजार गुणिले चार दिवस, बारा हजार खिशातून जातील, जाऊ देत. तसं होत नाही. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली म्हणून विमा कंपनी खोलीशी जोडलेले खर्चही निम्मेच मंजूर करते. बिल दोन लाखांचं असेल आणि त्यातले 80,000 औषधं, तपासण्या, इम्प्लांटचे असतील, तर त्यांना ही कात्री लागत नाही. पण उरलेल्या 1,20,000 चे 60,000 च मिळतात. बारा हजारांच्या जागी साठ हजार तुमचे. पॉलिसीत अशी मर्यादा आहे की नाही, हे ॲडमिशनच्या काउंटरवर उभं राहून नव्हे, आज घरी बसून वाचा.

कॅशलेसची मंजुरी अर्जानंतर तासाभरात, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये बजावलं आहे. नियम चांगला आहे. ते तीन तास विमा कंपनीकडे बिल पोचल्यापासून मोजायचे, आणि हॉस्पिटलचं बिलिंग ते पाठवायला दुपार करतं, हा भाग वेगळा.

बिलातला दुसरा मोठा भाग औषधं आणि किरकोळ साहित्य: सुया, कॅथेटर, ग्लोव्हज. डॉक्टरची फी लोक डोळ्यांत तेल घालून बघतात, आणि हे तीन पानांचं परिशिष्ट कुणी उलगडत नाही. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला. त्याच्या आदल्या वर्षी हृदयातल्या स्टेंटच्या किमतींना सरकारने लगाम घातला होता, पाठोपाठ गुडघ्याच्या सांध्यांनाही. एका वस्तूवर मर्यादा आली की तिच्यावरची कमाई दुसऱ्या ओळीत सरकते, ही तक्रार तेव्हापासूनची. आणि ही खोड केवळ कंपन्यांची आहे असं समजू नका. छापील किमतीला औषध विकून फरक ठेवणं ट्रस्टच्या मेडिकलमध्येही चालतं.

इथे पैसे देण्याची पद्धत महत्त्वाची ठरते, मालकीपेक्षाही जास्त. प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे मिळत असतील तर गोष्टी वाढतात: आणखी एक तपासणी, आणखी एक दिवस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, खासगी हॉस्पिटलांतल्या 47.4 टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं होतं, सरकारी हॉस्पिटलांत 14.3 टक्के. सगळा फरक पैशाचा नाही. खासगीत जाणाऱ्या बायकांचं वय, पूर्वीचं सिझेरियन, मुहूर्त मागणारे नातेवाईक, सरकारी ठिकाणी गरज असूनही न होणारी ऑपरेशनं, हे सगळं त्यात आहे. तरी तिपटीहून मोठा फरक नुसत्या मुहूर्तांनी पडत नाही.

याच्या उलट टोकाला पॅकेज. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ही 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2017 मध्ये नाव बदललं, आणि आता आयुष्मान भारतबरोबर जोडून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देते. हॉस्पिटलला त्यात आजाराप्रमाणे ठरलेली रक्कम मिळते, मग पेशंट तीन दिवस राहो की आठ. इथे हॉस्पिटलचा कल बदलतो. जास्त करण्यापेक्षा कमीत भागवण्याकडे, आणि गुंतागुंतीची केस शक्यतो दुसरीकडे पाठवण्याकडे. "योजनेच्या खाटा भरल्यात" हे उत्तर त्यातूनच येतं. दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत ही हॉस्पिटलांची तक्रारही खोटी नाही. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात पेशंटला योजनेची मदत करणारा आरोग्यमित्र बसलेला असतो. पेशंट आत गेल्यावर नव्हे, जाण्याआधी त्याला गाठावं.

कंपनीचं हॉस्पिटल कुठे वेगळं पडतं, तर भांडवलाच्या बाबतीत. 1983 मध्ये चेन्नईत डॉ. प्रताप रेड्डींनी अपोलो सुरू केलं, तिथून आपल्याकडे कॉर्पोरेट हॉस्पिटल हा प्रकार रुजला. कंपनी शेअर विकून पाचशे खाटा दोन वर्षांत उभ्या करू शकते. ट्रस्टला शेअर विकता येत नाहीत. जुन्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या जिन्यापासून लिफ्टपर्यंत 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' अशा संगमरवरी पाट्या दिसतात ना, तोच त्यांचा शेअर बाजार. पण भांडवल घातलं की परतावा मागितला जातो. शेअर बाजारात नोंदलेल्या हॉस्पिटल कंपन्या दर तिमाहीला एक आकडा जाहीर करतात: भरलेल्या एका खाटेमागे दिवसाला सरासरी किती उत्पन्न झालं. काही मोठ्या साखळ्यांचा हा आकडा आता पन्नास हजारांच्या पुढे आहे. तो वाढला की विश्लेषक खूश होतात. ती खाट आपली असते.

पुण्याच्या सह्याद्री हॉस्पिटलचा प्रवास पाहा. एव्हरस्टोन या गुंतवणूक फंडाने ते घेतलं, 2022 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाला विकलं, आणि 2025 मध्ये मणिपाल समूहाने त्यांच्याकडून ते विकत घेण्याचा करार केला. म्हणजे काही वर्षं कर्वे रोडवरच्या बिलातला एक अंश कॅनडातल्या निवृत्त मास्तरांच्या पेन्शनला लागत होता. यात बेकायदा काही नाही, आणि नव्या मालकाने नवी यंत्रं आणली तर पेशंटचं भलंही होतं. पण प्रत्येक नवा मालक आधीच्यापेक्षा चढ्या भावाने हॉस्पिटल घेतो आणि ती चढण त्याला कुठूनतरी भरून काढायची असते.

बरं, कंपनी आणि ट्रस्ट यांच्यामधली भिंतही वाटते तितकी पक्की नाही. मुंबईचं नानावटी हॉस्पिटल ट्रस्टचं, 2014 पासून त्याचं व्यवस्थापन रेडियंट या कंपनीकडे गेलं, आणि रेडियंट 2020 मध्ये मॅक्स या हॉस्पिटल कंपनीत विलीन झाली. जमीन आणि नोंदणी ट्रस्टची, कारभार कंपनीचा, मोबदला कराराप्रमाणे. उलटं उदाहरण दिल्लीचं. इंद्रप्रस्थ अपोलो ही कंपनी, पण जमीन सरकारने नाममात्र भाड्याने दिली, कंपनीत वाटाही घेतला, आणि बदल्यात एक तृतीयांश खाटा गरिबांना मोफत ठेवण्याची अट घातली. ती पाळली जात नाही म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कान उपटले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा आणि 25 टक्के ओपीडी गरिबांना मोफत द्यायला लावली. तर्क साधा: लोकांची जमीन घेतलीत, लोकांना काहीतरी परत द्या.

याहून वेगळीही वाट आपल्याकडे होऊन गेली आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलने ऐंशीच्या दशकात आसपासच्या गावांसाठी ज्वारीचा विमा चालवला. सुगी झाली की प्रत्येक घराने ठरलेली ज्वारी द्यायची, मजुराने थोडी, शेतवाल्याने जमिनीप्रमाणे जास्त. एकट्यादुकट्याला त्यात घेत नसत, गावातल्या बहुतेक घरांनी भाग घेतला तरच गाव योजनेत. निरोगी माणसं भरतात म्हणून आजारी माणसाचं भागतं, हे विम्याचं मूळ सूत्र त्यांनी नेमकं पकडलं होतं. आजारी पडल्यावर विमा काढायला धावणारे वाढले की कुठलीही योजना बुडते. अचानक आलेल्या आजाराला मोफत उपचार, पण बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना बिलाचा काही भाग भरावा लागे. आजच्या पॉलिसीतला वेटिंग पीरियड (सुरुवातीचा काही काळ ठरावीक आजारांचे पैसे न मिळणं) आणि को-पे (बिलाचा काही हिस्सा आपण भरणं) जवळपास याच विचारातून आलेत. फक्त तिथे अटी गावसभेत ठरत आणि लोकांना समजत.

आता महाराष्ट्रातल्या वाचकाला सगळ्यात उपयोगी पडेल तो भाग. सार्वजनिक न्यास कायदा 1950 चा, त्यात ऐंशीच्या दशकात कलम 41 कक आलं. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या आणि सवलती घेतलेल्या हॉस्पिटलने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांना सवलतीत द्यायच्या. वीसेक वर्षं हे कलम पुस्तकातच राहिलं म्हणा. मग जनहित याचिका झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना 1 सप्टेंबर 2006 पासून लागू झाली. राज्यात अशी चारशेहून अधिक हॉस्पिटलं आहेत, आणि मुंबई-पुण्यातली ज्यांची नावं ऐकून छाती दडपते त्यातली कितीतरी यात मोडतात.

या योजनेतली खरी मेख आहे निर्धन रुग्ण निधी, काउंटरवर ज्याला आयपीएफ म्हणतात. हॉस्पिटलने बाकीच्या सगळ्या पेशंटांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम या वेगळ्या खात्यात टाकायची. वर्षाला शंभर कोटींचं बिलिंग असेल तर दोन कोटी. खर्च वजा जाता उरलेल्या पैशाच्या नव्हे, एकूण बिलाच्या 2 टक्के, हे महत्त्वाचं. म्हणजे तोटा दाखवून यातून सुटका नाही. तुम्ही-आम्ही अशा हॉस्पिटलात पूर्ण बिल भरतो तेव्हा त्यातले शेकडा दोन रुपये या खात्यात गेलेले असतात. देवळाच्या दानपेटीत आपण नकळत टाकत आलो, तसंच.

निर्धन पेशंटची खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, नेहमीच्या वॉर्ड सेवा यांचे पैसे लावायचे नाहीत. ऑपरेशन, तपासण्या अशा बिल होणाऱ्या गोष्टी त्या हॉस्पिटलच्या सगळ्यात खालच्या दराने धरायच्या. औषधं, साहित्य, इम्प्लांट हे हॉस्पिटलच्या खरेदी किमतीला, छापील किमतीला नाही. असं जे बिल होईल ते आयपीएफ खात्यातून वळतं करायचं. दुर्बल घटकातल्या पेशंटलाही हेच दर, फक्त औषध-साहित्याचा निदान निम्मा खर्च त्याने भरायचा. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला 1 लाख 80 हजार, दुर्बल घटकांना 3 लाख 60 हजार. दोन पगार येणाऱ्या घराला यात जागा नाही, पण रिक्षावाला, घरकामाच्या मावशी, वॉचमन, कोरडवाहू शेतकरी हे सगळे बसतात. आपल्या सोसायटीच्या गेटवर उभ्या असलेल्या माणसाला हे माहीत आहे का, एकदा विचारून पाहा.

दोन्ही बाजूंची रडकथा ठरलेली. हॉस्पिटल म्हणतं निधी संपला, एका बायपासला इतके लागतात, दोन टक्क्यांत किती जण बसवणार? कार्यकर्ते म्हणतात, खाटा रिकाम्या असताना भरलेल्या दाखवता, आणि ओळखीच्यांना निर्धन करून बसवता. आकड्यांचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या बोलण्यात तथ्य आहे. 20 टक्के खाटा आणि 2 टक्के पैसा यांचा मेळ महागड्या सुपरस्पेशालिटीत बसत नाही. पण म्हणून पेशंटला या निधीचं नावही न सांगणं हे समर्थनीय नाही, आणि सर्रास घडतं ते हेच. ओळखीतल्या एका बाईंच्या मुलाला एका मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलात आठवडाभर ठेवलं होतं. रोज 'पैसे भरा'चा निरोप यायचा. सोशल वर्करची खोली तळमजल्यावर एक्सरेच्या शेजारी आहे हे त्यांना वॉर्डातल्या आयाबाईने सांगितलं, हॉस्पिटलने नव्हे.

तेव्हा व्यवहाराचं बोलू. पेशंट आत गेला त्याच दिवशी मेडिकल सोशल वर्करला भेटा, आयपीएफचा अर्ज मागा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड, आधार, डॉक्टरचं एस्टिमेट हे कागद लागतात. दाखल्याला दिवस जातात, म्हणून ऑपरेशन ठरलेलं असेल तर तो आधीच काढून ठेवावा. कुठल्या धर्मादाय हॉस्पिटलात किती राखीव खाटा शिल्लक आहेत हे धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर दिसतं. खाट रिकामी दिसत असेल तर त्या पानाचा फोटो काढून मगच काउंटरवर जा. मुख्यमंत्री सहायता निधीचा कक्षही धर्मादाय खाटांसाठी मदत करतो. तो निधी आणि आयपीएफ ही वेगवेगळी खाती आहेत, एकाचा नकार म्हणजे दुसऱ्याचा नकार नव्हे.

आणि तातडीचा पेशंट असेल तर या कागदांचीही वाट पाहायची नाही. 2006 च्या योजनेतच लिहिलंय की धर्मादाय हॉस्पिटलने अशा पेशंटला लगेच दाखल करून घ्यायचं, जीव वाचवणारे उपचार तो स्थिर होईपर्यंत करायचे, आणि डिपॉझिट मागायचं नाही. पुण्यात एका गर्भवतीच्या कुटुंबाकडे मार्च 2025 मध्ये दहा लाखांचं डिपॉझिट मागितल्याचा आरोप झाला, पुढे दुसरीकडे बाळंतपणानंतर तिचा मृत्यू झाला, लोक रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतर त्या हॉस्पिटलने तातडीच्या पेशंटकडून डिपॉझिट न घेण्याचं जाहीर केलं. जे आधीपासून बंधनकारक होतं तेच. कागद दाखवूनही नकार मिळाला तर तो लेखी मागा, देणाऱ्याच्या नाव-हुद्द्यासह. तोंडी नकार सगळे देतात, लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याचदा खाट निघते. नाहीच निघाली तर तो कागद घेऊन आपल्या विभागाच्या धर्मादाय सहआयुक्तांकडे जायचं. या योजनेवर देखरेख करणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते.